दोष फक्त पाखरांचा?



२०२३ साली अर्जेंटिनाच्या वाल्देस द्वीपकल्पावर एलिफंट सीलची त्या हंगामातली जवळजवळ सगळी पिल्लं मेली. १७ हजारांच्या वर. कारण बर्ड फ्लू, म्हणजे एच५एन१. त्याआधी पेरू आणि चिलीच्या किनाऱ्यांवर हजारो सी लायन मेले होते.

सी लायनने आजारी पक्षी खाल्ला असेल, असं म्हणता येतं. पण एलिफंट सीलची पिल्लं तर अंगावर पिणारी! तिथल्या विषाणूत सस्तन प्राण्यांच्या शरीराला सोयीचे बदल सापडले. म्हणजे रोग आता सीलकडून सीलकडे जात असावा, असा शास्त्रज्ञांचा निष्कर्ष आहे. आपणही सस्तन प्राणीच, म्हणून ही गोष्ट आपल्या घराजवळची.

'रानपक्ष्यांनी रोग आणला' असं आपण सहज म्हणून जातो. ते अर्धंच खरं आहे. रानबदकांतले फ्लूचे विषाणू बहुधा सौम्य असतात. दाटीवाटीच्या पोल्ट्रीत शिरले की त्यातले काही जहाल होतात. आजच्या विषाणूचा पूर्वज १९९६ मध्ये चीनच्या ग्वांगडाँग प्रांतात सापडला, तोही पाळीव हंसात. पुढे तो रानपक्ष्यांत गेला आणि त्यांच्या पंखांवरून जगभर फिरला. २००६ चं नवापूर आपल्यातल्या अनेकांना आठवत असेल. तिथे लाखो कोंबड्या मारून पुराव्या लागल्या.

मार्च २०२४ मध्ये हाच रोग इथे अमेरिकेत दुभत्या गाईंमध्ये सापडला. त्यानंतर वर्षभरात सुमारे ७० माणसांना लागण झाल्याची नोंद झाली. त्यातले बहुतेक गोठ्यांत आणि पोल्ट्रीत राबणारे मजूर होते. यांतले कित्येक परदेशातून आलेले, आपल्यासारखेच; फरक एवढाच, की आपल्या हातात व्हिसा आहे, त्यांच्यातल्या अनेकांच्या हातात काहीच नाही. ताप आला, डोळे लाल झाले, तरी असा माणूस तपासणीला जाताना दहादा विचार करील. रोजी बुडेल, कागद मागतील.

आणि रोग तर असा लपूनच वाढतो. नुकसानभरपाईची खात्री नसेल, तर शेतकरी मेलेली कोंबडी दाखवणार नाही. पगारी रजा नसेल, तर मजूर ताप सांगणार नाही. सीलच्या पिल्लांना आता कोणी परत आणू शकत नाही. पण न घाबरता 'मी आजारी आहे' असं म्हणण्याची सोय माणसाला देणं आपल्या हातात आहे. आपल्या लोकप्रतिनिधींकडे आपण तेवढं तरी मागू या.