काखेत कळसा
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. भाषणाची सवय नाही. चुकलेमाकले पदरात घ्यावे.

यंदाची सहल कुठे न्यावी, यावर चार शब्द बोल असे मला सांगितले आहे. मी म्हणते, भाज्याला जाऊ. हे ऐकून परवा काहीजणी हसल्या. "भाजे काय, हाकेच्या अंतरावर!" पण बायांनो, काखेत कळसा आणि गावाला वळसा, अशी आपली गत आहे. लग्न होऊन मावळात आल्याला मला वीस वर्षे झाली. आल्यागेल्या पाहुण्यांना मी एकवीरा आईच्या दर्शनाला नेले, लोणावळ्याची चिक्की बांधून दिली. भाज्याच्या पायऱ्या मात्र गेल्या थंडीत प्रथम चढले, तेही मुलीला शाळेसाठी माहिती लिहायची होती म्हणून.

मळवली स्टेशनवर उतरून गावातून पायीच जाता येते. वर एकंदर 22 लेणी आहेत. मोठे चैत्यगृह इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातले मानतात. त्याच्या दगडी छताला आतून लाकडी वासे बसवले आहेत. दगडाला वाशांचा आधार लागत नाही, पण घर म्हटले की वासे हवेतच, असे त्या कारागिरांना वाटले असावे. शेजारी दगडातच कोरलेले 14 स्तूप आहेत, ती दिवंगत भिक्षूंची स्मारके. वर लोहगड दिसतो. 2025 साली महाराजांच्या 12 किल्ल्यांना जागतिक वारसा म्हणून मान मिळाला, त्यांत हा आपला लोहगडही आहे.

पण मला जी गोष्ट सांगायची ती निराळीच. तेथे एका लेण्यात ब्राह्मी लिपीतला लहानसा लेख आहे. मला तो वाचता येत नाही. मुलीने पुस्तकातून अर्थ सांगितला. "नांगरधाऱ्याची बायको बाधा, हिचे दान." एवढेच. नवऱ्याचे नाव नाही, बाधेचे आहे! राणी नव्हे, शेठाणी नव्हे, आपल्यासारखीच शेतकऱ्याची बायको. पवन मावळात बेडश्याला पाण्याच्या टाक्यावर सामडिनिका नावाच्या बाईचे दान कोरले आहे. ती मात्र मोठ्या घरची. दोन हजार वर्षे झाली, दोघींची नावे अजून आहेत.

खाली उतरताना मुलीने विचारले, "आई, तुझे नाव कुठे कोरले आहे?" मला उत्तर सुचेना. घरी येऊन मी मंडळाची भांडी पाहिली. पातेली, पराती, पिंपे, सगळ्यांवर यजमानांची नावे. पैसे मात्र आपण भिशीतून आणि पापड लाटून जमवलेले! यात यजमानांना दोष नाही. दुकानदाराने नाव विचारले, तेव्हा आपणच ते सांगितले.

म्हणून माझ्या दोन सूचना आहेत. पहिली, यंदा घ्यायच्या मोठ्या पातेल्यावर देणाऱ्या बाईचे स्वतःचे नाव घालावे. दुसरी, सहल भाज्याला न्यावी, पण थंडीत. पावसाळ्यात धबधबा पाहायला झुंबड उडते आणि दगड निसरडे होतात. 30 जून 2024 रोजी भुशी धरणाजवळ पुण्याच्या एकाच कुटुंबातली पाच माणसे वाहून गेली, हे आपण विसरलेलो नाही. ज्यांचे गुडघे दुखतात त्यांनी सावकाश, बसत बसत चढावे, आम्ही थांबू. भाकरी घरून घ्यावी आणि कागद, पिशव्या परत आणाव्यात.

आणि मुले बरोबर असतील तर त्यांना बजावावे, भिंतीवर खिळ्याने नावे कोरू नका. बाधेने आधी दान दिले, मग तिचे नाव लागले.