व्हीपीएन घेऊ का? या प्रश्नाचं जरा लांब उत्तर

(पॉडकास्टच्या या भागाचं शब्दांकन. बोलण्यातली पुनरुक्ती तेवढी कमी केली आहे.)

आजचा भाग एकाच प्रश्नावर आहे, कारण तो सगळ्यात जास्त वेळा आलाय. "दादा, व्हीपीएन घेऊ का? कुठलं घेऊ?" कोणी नालासोपाऱ्यातून विचारलंय, कोणी विरारमधून, आणि दोघातिघांनी थेट दुबईतून. गंमत म्हणजे प्रश्न एकच असला तरी प्रत्येकाची अडचण वेगळी आहे. एकाला स्टेशनवरच्या वायफायची भीती वाटते, एकाला केबलवाला सगळं बघतोय असा संशय आहे, आणि दुबईवाल्यांना घरी व्हिडिओ कॉल करायचाय.

आधी व्हीपीएन करतं काय ते बघू. आपले डबेवाले डोळ्यासमोर आणा. अंधेरीच्या घरातून डबा निघतो, फोर्टातल्या ऑफिसात पोचतो. झाकण बंद असतं, आत भेंडी आहे की बोंबील ते डबेवाल्याला दिसत नाही. पण कुठल्या घरातून कुठल्या ऑफिसात चाललाय, हे त्याला माहीत असावंच लागतं. इंटरनेटचं आज साधारण असंच आहे. ब्राउझरमध्ये पत्त्याआधी एचटीटीपीएस असतं, ते म्हणजे बंद झाकण. तुमचा पासवर्ड, मेसेज, कार्डाचा नंबर मधल्या माणसाला वाचता येत नाही. पण तुम्ही कुठल्या साइटवर गेलात, किती वाजता गेलात, हे इंटरनेट देणाऱ्याला सहसा कळतं.

आता व्हीपीएन लावलं म्हणजे काय केलं? डबा एका मोठ्या पिशवीत घातला आणि पिशवीवर दादरच्या एका माणसाचा पत्ता लिहिला. डबेवाल्याला एवढंच कळतं की पिशवी दादरला गेली. दादरचा माणूस पिशवी उघडतो, डबा काढतो आणि फोर्टात पोचवतो. ऑफिसला वाटतं डबा दादरहून आला. छान. पण आता तुमच्या डब्याची सगळी वही कोणाकडे आली? दादरच्या माणसाकडे. तुम्ही पाळत बंद केली नाहीत, पाळत ठेवू शकणारा माणूस बदललात. व्हीपीएनबद्दलचा प्रत्येक प्रश्न शेवटी इथे येऊन थांबतो: हा दादरचा माणूस कोण आहे?

फुकट व्हीपीएन असेल तर उत्तर बरेचदा वाईट असतं. फेसबुकने 2013 मध्ये ओनाव्हो नावाची कंपनी विकत घेतली. तिचं ओनाव्हो प्रोटेक्ट हे अ‍ॅप "तुमचा डेटा सुरक्षित ठेवतो" असं सांगत होतं, आणि लोक फोनवर कुठली अ‍ॅप किती वापरतात ही माहिती फेसबुकला मिळत होती. 2018 मध्ये ते अ‍ॅपलच्या स्टोअरवरून गेलं, आणि 2023 मध्ये ऑस्ट्रेलियाच्या न्यायालयाने या प्रकरणात फेसबुकच्या दोन उपकंपन्यांना मिळून 2 कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरचा दंड केला. होला नावाचं फुकट व्हीपीएन 2015 मध्ये उघडं पडलं. तिथे तर तुमचंच इंटरनेट कनेक्शन परस्पर दुसऱ्याला विकलं जात होतं. म्हणजे विरारमधल्या तुमच्या घरच्या पत्त्यावरून कोणी अनोळखी माणूस काहीही करतोय आणि नाव तुमचं. 2020 च्या जुलैत यूएफओ व्हीपीएनचा तब्बल 894 जीबीचा डेटाबेस उघडा सापडला, पासवर्डसकट. ही कंपनी "आम्ही नोंदी ठेवतच नाही" असं सांगायची.

पैसे देऊन घेतलं तर? तिथे आपल्या देशातला एक किस्सा आहे, तो फार कमी लोकांना माहीत असतो. 28 एप्रिल 2022 ला सर्ट-इनने, म्हणजे सायबर सुरक्षेसाठीच्या केंद्र सरकारच्या यंत्रणेने, एक आदेश काढला. व्हीपीएन विकणाऱ्यांनी ग्राहकाचं खरं नाव, पडताळलेला पत्ता, फोन नंबर, त्याला दिलेले आयपी पत्ते, सेवा कशासाठी घेतली, हे सगळं ठेवायचं. ग्राहक सोडून गेला तरी त्यानंतर निदान 5 वर्षं ठेवायचं. आता नोंदी ठेवणार नाही हेच ज्यांचं विकायचं कारण, ते काय करणार? मंत्र्यांनी स्पष्टच सांगितलं होतं की नियम पाळायचे नसतील तर भारतातून बाहेर पडा. त्या जूनमध्ये एक्सप्रेसव्हीपीएन, सर्फशार्क, नॉर्डव्हीपीएन यांनी भारतातले सर्व्हर काढायचं जाहीर केलं. आज काही अ‍ॅपमध्ये "इंडिया" हा पर्याय दिसतो, तो पुष्कळदा सिंगापूरसारख्या ठिकाणच्या मशीनवर चालतो, पत्ता फक्त भारताचा दाखवतो.

सरकारची बाजूही समजू शकतो. फसवणुकीचा तपास करताना माग व्हीपीएनपाशी तुटतो, ही पोलिसांची खरी अडचण आहे. पण म्हणून प्रत्येक ग्राहकाची 5 वर्षांची वही बनवून ठेवणं मला पटत नाही. वही बनली की ती कधीतरी फुटते. आत्ताच यूएफओचं सांगितलं ना.

ऑफिसचं व्हीपीएन यात येत नाही. कंपन्यांच्या अंतर्गत व्हीपीएनला हा नियम नाही, असं सर्ट-इनने नंतर स्पष्ट केलं. पण जाता जाता सांगतो, लॉकडाऊनपासून आपल्यातले कितीतरी जण विरारच्या घरातून ऑफिसचं व्हीपीएन लावून बसतात आणि समजतात आपण एकदम सुरक्षित. इथे दादरचा माणूस म्हणजे तुमची कंपनी. त्यावर बसून नवी नोकरी शोधू नका, एवढंच.

आता स्टेशनचं वायफाय. 2016 च्या जानेवारीत रेलटेल आणि गूगलने मुंबई सेंट्रलपासून हे सुरू केलं, मग स्टेशनामागून स्टेशन पसरलं. "पब्लिक वायफायवर बँक उघडू नका" हा सल्ला त्याच्याही आधीचा आहे. 2010 मध्ये फायरशीप नावाचं एक छोटं साधन आलं होतं, त्याने शेजारच्या टेबलवरच्या माणसाचं फेसबुक लॉगिन उचलता यायचं, कारण तेव्हा बहुतेक साइटवर झाकणच नव्हतं. आज बँकेचं अ‍ॅप झाकण लावूनच बोलतं. खरा धोका आहे तो त्याच नावाच्या खोट्या वायफायचा. ते एक पान उघडतं आणि ईमेलचा पासवर्ड नाहीतर कार्ड मागतं. आणि बघा, व्हीपीएन सहसा त्या लॉगिनच्या पानानंतरच जोडलं जातं. पानावर तुम्ही स्वतः टाइप करून दिलंत तर कुठलंच व्हीपीएन काय करणार? मला विचाराल तर स्टेशनवर बँकेच्या कामाला मोबाइल डेटा वापरा. स्वस्त आहे, विषय संपला.

दुबईवाल्यांचा प्रश्न मात्र गंभीर आहे, त्यावर थोडं थांबतो. वसई तालुक्यात गल्फला माणूस असलेली घरं कमी नाहीत. संयुक्त अरब अमिरातीत व्हॉट्सअ‍ॅपवर मेसेज जातात, पण कॉल वर्षानुवर्षं बंद आहेत. मग इथून आई सांगते, "अरे, शेजारचा तो व्हीपीएन लावून बोलतो, तूही लाव." ती माउली पोराचं तोंड बघायला आसुसलेली असते, तिला दोष कसा देणार. पण तिथला कायदा ऐका. 2021 चा 34 क्रमांकाचा सायबर कायदा. आयपी पत्ता लपवून गुन्हा केला, किंवा गुन्हा उघडकीला येऊ नये म्हणून लपवला, तर कैद किंवा 5 लाख ते 20 लाख दिरहम दंड, किंवा दोन्ही. 5 लाख दिरहम म्हणजे आपले एक कोटीहून जास्त रुपये. व्हीपीएन बाळगणं हाच गुन्हा, असं त्यात म्हटलेलं नाही, कंपन्या तिथे कामासाठी ते वापरतात. पण बंद ठेवलेली सेवा चालू करायला ते वापरलंत, की तुम्ही त्या कलमाच्या उंबरठ्यावर जाऊन उभे राहता. व्हिसा नोकरीवर अवलंबून असलेल्या माणसाने हे कशाला करायचं? तिथे परवानगी असलेली बोटिमसारखी अ‍ॅप आहेत. ते आईच्या फोनमध्ये घालून द्या, कसं लावायचं ते एकदा समोर बसून दाखवा. कॉल थोडा अडखळेल, पण पोराला रात्री नीट झोप लागेल.

राहिला केबलवाला. त्याला तुमच्या साइटची नावं दिसू नयेत असं वाटणं यात काही चूक नाही. त्यासाठी पैसे देऊन व्हीपीएन जरूर घ्या. पण कंपनी कुठल्या देशातली, तिची बाहेरच्या लोकांनी तपासणी केली आहे का, हे वाचून घ्या. "आजीवन फक्त 999" दिसलं की पुढे सरका. सर्व्हर चालवायला दर महिन्याला खर्च येतो, तो आजीवन कोण भरणार? आणि ते लावल्यावर काही सरकारी साइट आणि बँकेची अ‍ॅप रुसतात, तेव्हा बंद करावं लागेल, हेही धरून चाला.

शेवटचा प्रश्न एका ताईंचा आहे. "व्हीपीएन चालू होतं, तरी व्हॉट्सअ‍ॅपवर आलेली ई-चलनाची फाइल उघडल्यावर यजमानांच्या खात्यातून पैसे गेले. असं कसं?" ताई, ती फाइल चलन नव्हती, एपीके होती, म्हणजे एक अ‍ॅप. ते फोनमध्ये शिरलं आणि आलेले ओटीपी वाचायला लागलं. व्हीपीएन फोनच्या बाहेरचा रस्ता झाकतं, चोर तर घरात बसला होता. आधी 1930 वर फोन करा, आत्ता, भाग संपायची वाट बघू नका. जितक्या लवकर कळवाल तितकी पैसे पुढच्या खात्यात अडकवून ठेवण्याची शक्यता जास्त. त्याच वेळी बँकेला दुसऱ्या फोनवरून कळवून खातं आणि यूपीआय बंद करायला सांगा. त्या फोनचं इंटरनेट बंद करा, सिम काढून ठेवा, पण मेसेज किंवा ती फाइल पुसू नका, तो पुरावा आहे. मग सायबर क्राइमच्या सरकारी पोर्टलवर तक्रार टाका आणि तक्रार क्रमांक घेऊन जवळच्या पोलीस ठाण्यात जा. आपल्याकडे 2020 पासून मीरा-भाईंदर, वसई-विरार असं वेगळं पोलीस आयुक्तालय आहे, ठाण्याला खेटे घालायची गरज नाही. फोन रीसेट करायचा तो तक्रार नोंदवून झाल्यावर.

पुढच्या भागात घरातल्या राउटरचा पासवर्ड. भेटू.