बरणीवरची चिठ्ठी

गॅलरीतल्या कुंडीत कढीपत्ता लावणाऱ्यांनी हे पाहिलं असेल : लिंबू फुलपाखराच्या कोषातून कधीकधी फुलपाखराऐवजी इवल्याशा माश्याच बाहेर पडतात. या परोपजीवी, म्हणजे दुसऱ्या किड्यांत अंडी घालणाऱ्या, गांधीलमाश्या. ऊसवाले शेतकरी किडीच्या बंदोबस्तासाठी ट्रायकोकार्ड लावतात, ते यांच्याच भाऊबंदांचं.

हे घराणं फार जुनं. म्यानमारच्या काचिनमधल्या अंबरात, म्हणजे झाडाच्या गोठलेल्या राळेत, सापडलेल्या अशाच एका माशीचं वर्णन २०२५ मध्ये प्रसिद्ध झालं : सायरेनोबेथिलस कॅरिब्डिस. पोटाच्या टोकाला चक्क मिटणारा सापळा! किड्याला त्यात धरायचं, अंडं घालायचं आणि सोडून द्यायचं, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. वय सुमारे ९ कोटी ९० लाख वर्षं.

पण हे वय कळलं कसं? माशीच्या अंगावर तारीख नसते. अंबराभोवतीच्या ज्वालामुखीय खडकातले झिरकॉन या खनिजाचे कण तपासून ते काढलं. म्हणून मी सांगतो : अंबराचा खडा कुठल्या थरातला, ते लिहून ठेवा.

मोरावळ्याची बरणी घ्या. पाकात आवळा वर्षानुवर्षं टिकतो, अंबरात माशी टिकते तसा. पण बरणीवर चिठ्ठी नसेल तर हा आवळा कुठल्या साली घातला, कुणाच्या झाडाचा, हे चाखून कळेल का? आणि चिठ्ठी एकदा निघाली, की दुसऱ्या बरणीकडे बघून ती परत लिहिता येत नाही. अंबरासाठी थराची नोंद म्हणजे हीच चिठ्ठी.

आपल्या शेजारचंच पाहा. सुरत जिल्ह्यातल्या वस्तान आणि तडकेश्वरच्या लिग्नाइट खाणींत अंबर मिळतं. लखनौच्या बिरबल साहनी संस्थेचे हुकम सिंग, बॉनचे येस रुस्ट आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये त्यातले शेकडो कीटक जगापुढे मांडले. वय ५ कोटी वर्षांच्या आसपास, तेही थरांमधल्या सूक्ष्म सागरी जीवाश्मांवरून. भारत तेव्हा आशियाला येऊन भिडत होता. त्याआधी तो बेट होता, म्हणून बेटावर एकटे वाढलेले, जगावेगळे कीटक मिळतील अशी अपेक्षा होती. निघाले ते युरोप-आशियातल्यांचे नातलग! म्हणजे भारत वाटला तितका एकटा पडलेला नव्हता. थराची नोंद नसती, तर हा सगळा युक्तिवाद उभाच राहिला नसता.

आणि आपण काय करतो? माशी अडकलेलं अंबर दिसलं, की लॉकेट करून गळ्यात घालतो! दुकानदाराला खाणीचं नाव तरी विचारा. खाणीत, खोदकामात राळेचा खडा दिसला, तर आधी जागा आणि थर लिहा, फोटो काढा, मग खडा उचला.