मागचा दिवा



आज आपण एका लहानशा दिव्याविषयी बोलू. हा दिवा गाडीच्या पाठीमागे असतो. गाडी चालवणाऱ्याला तो दिसत नाही. म्हणून तो विझला तरी त्याला पत्ता लागत नाही.

पुढचा दिवा आपल्याला वाट दाखवतो. मागचा दिवा दुसऱ्याला आपली गाडी दाखवतो.

आपल्याकडे जुन्या जीपगाड्या, जुने ट्रॅक्टर अजून चालतात. कुणी हौसेने आजोबांच्या वेळची मोटार राखलेली असते. इंजिन ठणठणीत, पण मागचा दिवा मिणमिणता. विचारले तर म्हणतात, "आम्ही कुठं जोरात जातो? हळूच तर चाललोय!" मंडळी, धोका इथंच आहे. आपण हळू, मागचा जोरात.

हिशेब करू. ताशी ६० किलोमीटरने येणारी गाडी एका सेकंदात सुमारे १७ मीटर जाते. आपली गाडी दिसून पाय ब्रेकवर जायला एक सेकंद तरी लागतो. मग थांबायला कोरड्या रस्त्यावर आणखी २५ ते ३० मीटर. म्हणजे सुमारे ४५ मीटर झाले. समोरून गाडी आली की ड्रायव्हर आपला दिवा खाली करतो. तेव्हा उजेड जेमतेम तेवढाच पडतो. रस्ता ओला असला तर संपलेच! म्हणून १९८९ च्या मोटार-नियमांत म्हटले आहे, की मागचा लाल दिवा १५५ मीटरवरून दिसावा.

दिवा मंद का होतो? पुष्कळदा बल्ब चांगला असतो. पण पत्र्याला गंज चढतो, अर्थिंग नीट लागत नाही, वीज वाटेतच अडते. काचेवर धूळ बसते. आतली चकाकी काळवंडते. फार जुन्या मोटारी ६ व्होल्टवर चालतात. त्यांची तार जरा खराब झाली की उजेड लगेच घटतो.

मग काय करावे? गंज घासून काढावा. अर्थिंगची नवी तार ओढावी. काच पुसावी. मोठा बल्ब मात्र घालू नये. तार तापते. शिवाय साधारणपणे मागचा दिवा ५ वॅटचा आणि ब्रेकचा २१ वॅटचा असतो. दोन्ही सारखे झाले, तर आपण ब्रेक दाबला हे मागच्याला कसे कळेल?

उसाच्या ट्रॉलीचे आणखी एक आहे. ऊस मागे लोंबतो आणि दिवा झाकतो. ऊस आवळून बांधा. लाल रिफ्लेक्टर लावा. त्याला वीज लागत नाही, पण तो रोज पुसावा लागतो. बैलगाडीलाही तो लावावा. वाटेत ट्रॉली पंक्चर झाली तर मागे दगड मांडतात. निघताना ते आठवणीने उचला. नाहीतर आपली सुटका होते आणि मोटारसायकलवाल्याचा जीव जातो.

आज रात्रीच एक काम करू. गाडीचे दिवे लावू, मागे दोनशे पावले चालत जाऊ आणि वळून पाहू. लाल दिवा ठळक दिसला तर ठीक. नाही दिसला, तर दुरुस्त केल्याशिवाय रात्री गाडी बाहेर काढायची नाही.