रिकामी पुंगळी

गोळीबाराच्या बातमीत शेवटी एक वाक्य हमखास असते: 'घटनास्थळी रिकाम्या पुंगळ्या सापडल्या.' गोळी निघून गेलेली असते, दारू जळून गेलेली असते. मागे उरते ती पितळेची नळी. मी कविता लिहिणारा माणूस. बंदुकीशी माझा संबंध कॉलेजातल्या एनसीसीपुरताच. पण नेरूळला आमच्या शेजारी एक काका राहतात. त्यांची हयात अंबरनाथच्या आयुध कारखान्यात, पितळ-तांब्याच्या कामात गेली. परवा चहा पिता पिता त्यांनी मला ही पुंगळी समजावून सांगितली.

तिचे पितळ सत्तर भाग तांबे आणि तीस भाग जस्त. पत्र्यातून आधी छोटी वाटी कापायची, मग ती ओढत ओढत लांब करायची. ओढताना पितळ कडक होते, म्हणून मधूनमधून तापवून मऊ करायचे. बार उडाला की पुंगळी फुगते, नळीच्या भिंतीला घट्ट बसते, मागे धूर येऊ देत नाही. आणि लगेच जराशी आक्रसते, म्हणून तर ती बाहेर ओढता येते.

परदेशात हौशी नेमबाज अशा पुंगळ्या पुन्हा भरतात. आपल्याकडे परवान्याशिवाय काडतूस बनवणे हा 1959 च्या शस्त्र कायद्याने गुन्हा आहे, तेव्हा हे फक्त ऐकायचे. पुंगळी स्वच्छ करून साच्यात दाबतात. या दाबण्यात पितळ पुढे सरकते आणि मान लांबते. नवशिका चुकतो तो इथेच. तो आधी कापतो आणि मग दाबतो. माप पुन्हा वाढते. थ्री-नॉट-थ्रीची पुंगळी छप्पन्न मिलिमीटरच्या किंचित वर, त्यापुढे नको. तोंड लांब राहिले तर ते पुढे अडकते, गोळीला आवळून धरते आणि दाब भलताच चढतो. म्हणून व्हर्नियरने मोजायचे, जादा कापायचे, आतून-बाहेरून धार घासायची. बुडाजवळ चकाकणारे कडे दिसले तर पुंगळी टाकून द्यायची. ती तिथूनच फाटणार. (कवीला इथे लगेच उपमा सुचते. मी ती गिळली.)

मग मी काकांना माझी गोष्ट सांगितली. कोकणातला कॅम्प, 1988 च्या आसपासचा. जितक्या गोळ्या, तितक्या पुंगळ्या परत, हा नियम. संध्याकाळी एक कमी भरली. शिकवणाऱ्याला तिथे 'उस्ताद' म्हणतात. आमच्या घरी तो शब्द गझल दुरुस्त करणाऱ्यासाठी राखलेला. उस्तादांनी सगळ्यांचे खिसे उलटे करायला लावले. माझे दोनदा. नाव वाचून की चेहरा पाहून, त्यांनी सांगितले नाही, मी विचारले नाही. शेजारी उभा असलेला माझा दोस्त, देवरुखचा, एकदा तपासून झालेला, पुढे आला आणि म्हणाला, ''उस्ताद, माझेही परत बघा.'' त्याच्या खिशातून दोन चिंचोके पडले. सगळे हसले, उस्तादही.

''आणि पुंगळी?'' काकांनी विचारले. माणूस कारखान्यातला, हिशेब जुळल्याशिवाय उठेना.

ताडपत्रीच्या घडीत होती. दिवेलागणीला सापडली.