अग्निशमन जवानाचा पोशाख : कवच आणि त्याची मर्यादा

(मंडळाच्या गणेशोत्सवात दिलेल्या व्याख्यानाचा गोषवारा)



म्हैसूरला येणारा प्रत्येक पाहुणा राजवाडा पाहतो. पण हा राजवाडा एका आगीनंतर उभा राहिला, हे थोड्यांनाच ठाऊक असते. १८९७ साली राजघराण्यातील विवाहाच्या वेळी जुना लाकडी राजवाडा जळाला आणि हेन्री आयर्विन यांच्या आराखड्यानुसार नवा राजवाडा १९१२ मध्ये पूर्ण झाला.

मुंबईहून आलेल्या आपल्या ज्येष्ठांना गोदीचा स्फोट ऐकून माहीत असेल. १४ एप्रिल १९४४ रोजी 'फोर्ट स्टिकिन' या जहाजावरील आग विझवताना अग्निशमन दलाचे ६६ जण मृत्युमुखी पडले. म्हणूनच १४ एप्रिल हा देशभर अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळला जातो. अलीकडे, ९ मे २०१५ रोजी काळबादेवीतील आगीत इमारत कोसळली आणि मुंबई दलाने प्रमुख अधिकारी सुनील नेसरीकर यांच्यासह चार अधिकारी गमावले. स्फोट आणि कोसळती इमारत यांपुढे कोणताही पोशाख टिकत नाही, हे आधी लक्षात घेऊ. मग तो कशासाठी असतो?

तो असतो वेळ मिळवण्यासाठी. त्वचेचे तापमान ४४ अंशांवर गेले की वेदना सुरू होतात, ५५ अंशांच्या आसपास फोड येतात. पेटलेल्या खोलीत तर काही शे अंश उष्णता असते. मधले अंतर हा कोट राखतो.

कोटाचे तीन थर असतात. बाहेरचा थर नोमेक्ससारख्या ॲरामिड धाग्याचा. तो वितळत नाही, ज्योत हटवली की जळत राहत नाही. मधला थर बाहेरचे पाणी अडवतो, पण घामाची वाफ काही प्रमाणात बाहेर जाऊ देतो. आतला थर जाड अस्तराचा, गोधडीसारखा. गोधडीत ऊब राहते ती थरांत अडकलेल्या हवेमुळे. तीच हवा इथे उष्णता आत येऊ देत नाही.

म्हणून कोट अंगाला घट्ट नसावा. गुडघे टेकताना किंवा खांद्यावर सिलिंडरचा पट्टा दाबला जातो तेथे हवा निघून जाते आणि नेमके तेथेच भाजते. अस्तर घामाने किंवा पाण्याने भिजले तर उष्णता लवकर आत पोहोचते, वाफेनेही भाजते.

आपल्यापैकी जे कारखान्याच्या अग्निशमन पथकात आहेत, त्यांनी हे पाळावे. आत सुती कपडे घालावेत. नायलॉन, पॉलिस्टर वितळून कातडीला चिकटते. कोट पँटवर पुरेसा आलेला असावा. कॉलर उभी, चेन व पट्टी पूर्ण बंद, मानेवर हूड, हातमोजे बाहीत नीट बसलेले. जोडीदाराने एकमेकांना पुढून-मागून तपासावे. 'दोनच मिनिटांचे काम' म्हणून बटणे उघडी ठेवू नयेत.

दुसरा धोका आतला. हवेच्या सिलिंडरसह हे ओझे वीस किलोच्या वर जाते आणि अंगातली उष्णता कोंडते. आपल्या हवेत हे फार जाणवते. काम बदलून घ्यावे. बाहेर सुरक्षित जागी आल्यावर कोट उघडावा, पाणी प्यावे. चक्कर, मळमळ लपवू नये.

तिसरा धोका आग विझल्यानंतरचा. काजळीने माखलेला कोट पूर्वी शौर्याची खूण मानला जाई. पण काजळीत कर्करोगकारक द्रव्ये असतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २०२२ मध्ये अग्निशमनाचा व्यवसायच कर्करोगकारक गटात घातला. म्हणून कोट जागेवरच पाण्याने धुवून काढावा, घरच्या कपड्यांत मिसळू नये. ब्लीच वापरू नये आणि उन्हात वाळवू नये. उन्हाने ॲरामिड कमकुवत होतो. फाटलेला कोट साध्या दोऱ्याने शिवून पुन्हा वापरू नये.

आता घरच्यांसाठी दोन शब्द. समईजवळ, आरतीच्या वेळी ओढणी किंवा कृत्रिम धाग्याचा पदर आवरून घ्यावा. कपड्याने पेट घेतला तर धावू नये. जमिनीवर लोळावे आणि भाजलेल्या जागेवर नळाचे साधे पाणी वीस मिनिटे सोडावे.

पोशाख वेळ देतो, अभय देत नाही. मिळालेली वेळ बाहेर पडण्यासाठी राखून ठेवणे, हेच त्याच्या वापराचे खरे शिक्षण आहे.