प्लास्टर निघालं, आता पुढे काय?

आजच्या भागात कोडिंग नाही, करिअर नाही. आज बोलायचंय घोट्याच्या ऑपरेशननंतरच्या महिन्यांबद्दल. गेल्या जुलैत पावसात गाडी घसरली आणि माझ्या उजव्या घोट्याची दोन्ही बाजूंची हाडं मोडली. सूज उतरेपर्यंत पाच दिवस थांबून ऑपरेशन झालं. आत एक प्लेट आणि सात स्क्रू आहेत. आता आठ महिने झालेत.

खरं सांगू? ऑपरेशन सोपं होतं. तेव्हा आपण झोपलेले असतो. कस लागतो तो नंतर.

पहिले सहा आठवडे पाय जमिनीला टेकवायचा नाही, असं मला सांगितलं होतं. पाय पलंगाखाली सोडला की अर्ध्या मिनिटात जांभळा पडायचा, ठणकायला लागायचा. यात रक्त खाली उतरतं, सूज वाढते. म्हणून पाय नुसता उशीवर नाही, तर छातीपेक्षा उंच ठेवायचा. आणखी एक गंमत: वॉकर धरला की दोन्ही हात अडकतात. साधा चहाचा कपही उचलून नेता येत नाही. मग मी चहा थर्मासमध्ये भरून, पाठीवरच्या सॅकमध्ये टाकून टेबलापर्यंत न्यायचो. हसू नका, त्या दिवसांत तेवढं स्वातंत्र्यही खूप वाटतं.

पण सगळ्यात अवघड काळ त्यानंतर आला. एक्स-रे चांगला आला, प्लास्टर निघालं आणि सगळे म्हणायला लागले, "आता काय, झालास की बरा!" इकडे पोटरी निम्मी झालेली, घोटा गंजलेल्या बिजागरीसारखा आणि पहिलं पाऊल टाकताना डोळ्यांत पाणी. हाड जुळणं हे एक काम. आखडलेला सांधा, अशक्त झालेले स्नायू, बधिर झालेली त्वचा यांचं वेळापत्रक वेगळं असतं. सूज तर सहा महिने, कधीकधी वर्षभरही रेंगाळते. हे मला आधी माहीत असतं, तर संध्याकाळी पाय सुजला की 'काहीतरी बिघडलं' म्हणून रात्र रात्र जागलो नसतो.

मोहम्मद शमीचं उदाहरण बघा. टाचेच्या वरच्या स्नायूबंधावर फेब्रुवारी २०२४ मध्ये शस्त्रक्रिया झाली आणि भारताच्या संघात तो परतला जानेवारी २०२५ मध्ये. उत्तम डॉक्टर आणि फिजिओ दिमतीला असूनही! मग आपण तीन महिन्यांत धावायची अपेक्षा का ठेवायची?

मला उपयोगी पडलेल्या तीन गोष्टी सांगतो.

एक, मोजा, पण रोज नको. भिंतीसमोर उभं राहायचं, टाच न उचलता गुडघा भिंतीला लावायचा आणि अंगठा भिंतीपासून किती लांब आहे ते पट्टीने मोजायचं. आठव्या आठवड्यात माझं उत्तर शून्य होतं. बाराव्यात तीन सेंटीमीटर, विसाव्यात सात. चांगल्या पायाचं दहा आहे. मधे दोन आठवडे आकडा मागेही गेला. म्हणून फक्त रविवारी मोजायचं.

दोन, दुखण्याचा नियम. व्यायामाने थोडं दुखणारच. दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत ते निवळलं तर ठीक, नाही निवळलं तर आज कमी करायचं. फिजिओने पायाच्या अंगठ्याने हवेत एबीसीडी काढायला सांगितली होती. मी क ते ज्ञ काढायचो. 'ज्ञ'ला घोटा अक्षरशः कुरकुरायचा!

तीन, मदत नेमकी मागा. मित्र विचारतात, "काही लागलं तर सांग." आपण म्हणतो, "नाही रे." मात्र रात्री वॉकरचा आवाज आला की आई उठून बसायची. तिची झोप गेली होती, पण ती बोलत नव्हती. मग एका मित्राला सांगितलं, "शनिवारी दोन तास माझ्याजवळ बस, आईला बाहेर जाऊ दे." पहिल्या शनिवारी ती फक्त भाजी आणायला गेली. पण परत आली तेव्हा चेहरा वेगळाच होता.

आणि हे मात्र लक्षात ठेवा: पोटरी अचानक दुखून सुजली, धाप लागली, छातीत दुखलं, टाक्यांतून पू आला किंवा ताप आला, तर रील्स बघत बसू नका. लगेच डॉक्टर गाठा.

आज मी जिना एकेक पायरी न थांबता चढतो. उकिडवं अजून बसता येत नाही. संध्याकाळी थोडा लंगडतो. पूर्वीसारखा होईल का, याचं उत्तर डॉक्टरही आज देत नाहीत आणि त्याची भीती वाटते. पण रविवारची पट्टी हातात आहे.

तुमच्या घरात कोणी असं पडून असेल, तर त्यांना हा भाग पाठवा. आणि "कधी बरा होणार?" ऐवजी "शनिवारी येऊ का?" असं विचारा. भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या!